गोदाम स्वच्छ, तरी मक्यात दरवर्षी अफ्लाटॉक्सिन: दोष कुठे शोधायचा

तक्रार दरवर्षी तीच असते. दिवाळीच्या आगेमागे मका निघतो, वाळवून कट्ट्यांत भरला जातो, फळ्या टाकून थप्पी लागते. डिसेंबर-जानेवारीत पोल्ट्रीवाला किंवा पशुखाद्यवाला नमुना काढतो आणि गाडी परत येते. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष, जास्त. मग गोदामाची झाडलोट होते, धुरी दिली जाते, थप्पी भिंतीपासून हातभर लांब सरकते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोच अहवाल हातात पडतो. आमच्या नाशिक जिल्ह्यात येवला, चांदवड, नांदगाव, मालेगाव, निफाडचा पूर्व भाग, जिथं खरिपाचा मका आहे तिथं हे गाऱ्हाणं आहेच. मी याच पट्ट्यात खरेदीच्या वेळी मक्याची प्रतवारी आणि ओलावा बघतो. बहुतेक वेळा दोष गोदामात सापडत नाही. तो त्याआधीच, कणीस मोडल्यापासून दाणा १४ टक्क्यांच्या खाली येईपर्यंतच्या दिवसांत बसलेला असतो. धुरीनं किडे मरतात, तयार झालेलं विष जागेवरच राहतं.

हे विष तयार करते ती मुख्य बुरशी म्हणजे अस्परजिलस फ्लेव्हस. ती आपल्या मातीत, पालापाचोळ्यात, जुन्या धाटांत कायम असते, तिला कुठून आणावं लागत नाही. ऊब आणि ओल मिळाली की ती दाण्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन सोडते. नंतर दाणा कडकडीत वाळवला तर बुरशी थांबते, पण सोडलेलं विष तसंच राहतं. भाकरी भाजली, कणसं उकडली, दूध तापवलं तरी ते जात नाही, कारण त्याचं विघटन व्हायला २०० अंशांहून खूप वर तापमान लागतं. म्हणून ‘आता नीट वाळवलाय की’ हे उत्तर उशिराचं ठरतं. आधी किती दिवस ओला होता, हा खरा प्रश्न.

याकडे केवळ भावाची कपात म्हणून बघू नका. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेला, बुरशी आलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ, पोटात पाणी, आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीसुद्धा मेली. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, केनियात मक्यानंच पुन्हा शंभरावर बळी घेतले. एकदम मोठी मात्रा गेली तर यकृत निकामी होतं, थोडी थोडी वर्षानुवर्षं गेली तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला तो कितीतरी पटींनी जास्त. माणसात कर्करोग घडवतात असं सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात अफ्लाटॉक्सिन आहे. आपल्याकडे माणसाच्या खाण्याच्या तृणधान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्राम. बाजारात यालाच १५ पीपीबी म्हणतात.

आधी अहवालच तपासा

एकाच गाडीच्या एका नमुन्यात ८ निघतं आणि दुसऱ्यात ६०. लगेच प्रयोगशाळेवर किंवा व्यापाऱ्यावर संशय जातो. पण अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतंच. हजारो दाणे साफ असतात आणि एखादा दाणा विषानं भरलेला. हिशेब करून बघा. मक्याचा एक दाणा साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे २ किलोत सहा-सात हजार दाणे. खूप बाधलेल्या एकाच दाण्यात १,००,००० पीपीबीच्या वर विष सापडल्याची नोंद संशोधनात आहे. तेवढं धरलं तर त्या एका दाण्यात ३० मायक्रोग्राम झालं. २ किलो साफ मक्यात तो एक दाणा पडला की सगळा नमुना १५ पीपीबीवर जाऊन बसतो. तो दाणा मुठीत आला तर माल नापास, नाही आला तर पास.

यावरून दोन गोष्टी निघतात. वरच्या कट्ट्यातून ओंजळभर दाणे काढून लावलेल्या पट्टी-चाचणीवर ना विश्वास ठेवा, ना भांडण करा. नमुना थप्पीच्या वरून, मधून, खालून, दारातून, भिंतीकडून असा बऱ्याच ठिकाणांहून थोडा थोडा काढायचा, मिळून निदान ५ किलो करायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे तो सगळा दळायचा, मगच त्यातला भाग चाचणीला घ्यायचा. न दळता दाण्यांचीच वाटणी केली तर पुन्हा तोच नशिबाचा खेळ. वाद मोठ्या मालाचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच अहवाल घ्यावा, आणि नमुना काढताना दोन्ही बाजूंची माणसं हजर असावीत.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या अंदाजाची. आपल्याकडे ‘काळा दाणा’ दिसला की लोक घाबरतात. काळी बुरशी बहुधा वेगळी असते. गुलाबी-पांढरी असेल तर ती फ्युजेरियम, तिची विषं निराळी, पण तीही नकोच. अफ्लाटॉक्सिनवाली बुरशी पिवळसर हिरवी, पोपटीकडे झुकणारी, पावडरीसारखी दिसते आणि बहुतेक वेळा कणसाच्या शेंड्याला, अळीनं पोखरलेल्या वाटेत सापडते. पण वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं, कारण मळणीत आणि चाळणीत पावडर झडून जाते. बुरशी दिसली म्हणजे विष आहेच असं नाही. दिसली नाही म्हणून ते नाही, असंही म्हणता येत नाही. काही ठिकाणी अतिनील दिव्याखाली दाणे धरून हिरवट-पिवळी चमक बघतात. ती चमक बुरशीच्या दुसऱ्याच एका द्रव्यामुळे येते. चाळणीसारखा तिचा उपयोग करा, निकाल म्हणून नको.

मग ढीग

अहवाल खरा निघाला, म्हणजे विष खरंच जास्त असलं, तर गोदाम सोडून खळ्याकडे चला. नाशिक जिल्ह्यात मक्याची घाई होते ती कांद्यापायी. मका उठला की त्याच रानात कांदा लावायचा असतो. रोप टाकलेलं असतं, ट्रॅक्टरची वेळ ठरलेली असते, मजुरांची टोळी तिला सवड असेल त्याच दिवशी येते. मग दाण्यात अजून २२-२५ टक्के ओल असताना कणसं मोडली जातात आणि घरासमोर छातीएवढा ढीग पडतो. रान मोकळं झालं, कांद्याची लागण सुरू झाली, आता मक्याकडे बघायला घरात कुणी मोकळं नाही. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत असतो.

असा ढीग तीन-चार दिवसांचा झाला की त्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. वरचं कणीस गार आणि कोरडं लागतं. हात आत जाईल तसं गरम लागायला लागतं, कणसं चिकट होतात, वास आंबूस येतो. ओला दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर पडतात, आणि ढिगात वारा नसल्यानं ते तिथंच कोंडतं. २५ ते ३५ अंश आणि अशी ओल, या बुरशीला याहून चांगलं काही लागत नाही. दोन-तीन दिवस पुरतात. त्यानंतर तो मका कितीही निगुतीनं वाळवला तरी अहवाल बिघडलेलाच येणार.

ताडपत्रीनं यात भर पडते. पाऊस आला म्हणून झाकणं बरोबर. पण पाऊस उघडल्यावरही ती दोन-दोन दिवस तशीच राहते, कारण ‘परत आला तर?’ सकाळी उन्हं वर आल्यावर ताडपत्रीचं एक टोक उचलून खालची बाजू बघा. थेंब लोंबत असतात आणि वरच्या थरातली कणसं घामानं भिजलेली असतात. पाऊस नसेल तर दव सुकल्यावर ताडपत्री काढायची, दिवसभर उघडं ठेवायचं, सूर्य मावळायच्या आत पुन्हा झाकायचं. संध्याकाळी उघडा राहिलेला मका रात्रीच्या दवानं दिवसभराची मेहनत घालवतो. नोव्हेंबरात आपल्याकडे दव किती पडतं ते कांदेवाल्यांना सांगायला नको.

यावर आपल्या जिल्ह्यात फार चांगला उपाय घरोघरी उभा आहे, तो म्हणजे कांदा चाळ. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बऱ्याच घरांत निघून गेलेला असतो आणि चाळ रिकामी पडलेली असते. तळाला हवा, बाजूंना फटी, वर पत्रा. जगभरात मक्याची कणसं साठवायला जी हवेशीर कणगी बांधतात तिचं काम याहून वेगळं नाही. कणसं सोलून, बुरशी आलेली आणि अळी लागलेली तिथंच बाजूला काढून, बाकीची चाळीत भरा. मात्र काठोकाठ नको. चाळीची रांग चार फुटांची असेल तर अगदी ओल्या कणसांसाठी ती रुंदच आहे, म्हणून थर कमी उंचीचा ठेवा आणि पहिल्या आठवड्यात मधल्या कणसांना हात लावून बघत राहा. आधी चाळीतला सडका कांदा आणि पात झाडून काढा. पावसाची झड ज्या बाजूनं येते त्या बाजूला तेवढ्यापुरती ताडपत्री बांधा आणि झड संपली की सोडा. उंदरांचा बंदोबस्त लागेल. एवढं केलं की मळणीची घाई संपते, कांद्याची लागण आटोपून निवांत मळणी करता येते.

चाळ नसेल आणि दाणेच वाळवायचे असतील तर मातीवर टाकू नका. खालून ओल चढते आणि बुरशीचं घर तिथंच आहे. सिमेंटचं खळं किंवा ताडपत्री, थर दोन बोटांचा, आणि दर तासाला फावड्यानं किंवा पायानं सऱ्या पाडून उलथापालथ. डांबरी रस्त्यावर वाळत घालणं थांबवा. दाणे चिरडतात, आणि रात्री मोटारसायकलवाला घसरून जीव जातो.

आणि वाळवणं खरंच जमणार नसेल, माणूस नाही, ऊन नाही, जागा नाही, तर ओला मका ठेवू नका. त्याच दिवशी ड्रायर असलेल्याकडे घालून मोकळे व्हा, भाव थोडा कमी आला तरी. ओला मका ठेवून भाव वाढायची वाट बघणं यात मला शहाणपण दिसत नाही.

‘वाळवला की वजन जातं’

हे खरंच आहे, उगाच नाकारू नये. २० टक्के ओलीचा १ क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणला की ९३ किलो भरतो. ७ किलो पाणी उडालं. खरेदीच्या वेळी आण्णा-तात्या मला हेच ऐकवतात: “भाऊ, वरचा दाणा बघ ना, कसा खणखणीत वाजतोय, आणि तू ओल सांगतोस!” वरचा दाणा वाजतोच. उन्हातून आणलेल्या मक्याचं साल आधी सुकतं, गाभा मागं राहतो. सावलीत काही तास ठेवला की आतली ओल बाहेर येते आणि मीटर दोन आकडे वर जातो. मीटरलाही दोष देण्याआधी दाणा गार होऊ द्या, मीटर मक्याच्याच खुणेवर लावलाय का बघा, आणि कट्ट्याच्या तोंडातला दाणा न घेता बंबीनं (कट्ट्यात खुपसायच्या पोकळ सळईनं) मधला काढा. त्या ७ किलोंचे पैसे व्यापारी ओलीच्या कपातीत धरतोच. ओला ठेवून ते आपल्याला मिळतात असा समज आहे, तेवढाच.

घरी मीटर नसेल तर मीठ वापरा. तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ, कोरडी काचेची बरणी. बरणीत पाव-अर्धी मक्याचे दाणे, वर मूठभर मीठ, झाकण लावून दोन मिनिटं हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, कट्टे भरू नका. मीठ तळाशी मोकळं पडलं तर बरं चाललंय. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर १२-१३ टक्क्यांपर्यंत आणा. हवाबंद पिशव्याही अशा कोरड्या मालालाच चालतात, ओला मका त्यात भरला तर आंबतो.

मळणी यंत्राचाही दोष असतो. दाणा ओला आणि फेरे जास्त, की दाणा फुटतो. फुटलेल्या दाण्याला साल नाही, म्हणजे बुरशीला दार उघडं. यंत्रातून पडणारा मका मुठीत घेऊन फुटके मोजा आणि फेरे कमी करून घ्या. वाळल्यावर चाळून, वारं देऊन चुरा, हलके आणि फुटके दाणे काढले की विषाचा बराच भाग त्यांच्याबरोबर निघून जातो.

तो चुरा कुठं जातो?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं. चाळणीखालचा चुरा, परत आलेली गाडी, काळवंडलेली कणसं, हे सगळं बऱ्याच घरांत भरडा होऊन गाईपुढे जातं. ‘जनावराला काय होतंय’ असं म्हणतात. गाय दिसायला ठणठणीत राहते, फार तर दूध घटतं, गाभ धरायला त्रास होतो. पण तिनं खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ (या विषाचा सगळ्यात घातक प्रकार) पैकी साधारण १ ते ३ टक्के भाग, भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्त, एम-१ या रूपात दुधात उतरतो, आणि तोही २४ तासांच्या आत. दुधाला मर्यादा आहे किलोला ०.५ मायक्रोग्राम. १०० पीपीबीचा ५ किलो भरडा गाईनं खाल्ला तर तिच्या पोटात ५०० मायक्रोग्राम गेले. २ टक्के धरले तरी १० मायक्रोग्राम दुधात. ती १५ लिटर देत असेल तर लिटरला ०.६६ च्या पुढे. दूध डेअरीत जातं, पण पहिला पेला घरातलं लेकरू पितं. उकळून फरक पडत नाही, आणि पनीर-चीज केलं की दुधातल्या प्रथिनांबरोबर ते आणखी दाट होतं.

डेअरीकडून एम-१ ची तक्रार आली तर एकट्या मक्याला धरू नका. सरकी ढेप, शेंगदाणा पेंड आणि मुरघासाचा हवा लागलेला कडेचा थर, हे सगळे तपासा. ढेपेचं पोतं फोडल्यावर आत गठ्ठे लागले असतील तर तेच पोतं बाजूला काढा. संशयी खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं, आणि यावरूनच दोषी खाद्य कोणतं ते पकडता येतं: एकेक बंद करा आणि दूध तपासा. टॉक्सिन बाईंडर, म्हणजे विष बांधून धरणारी पूड, जनावराच्या खाद्यात थोडी मदत करते, पण कुजका मका खपवण्याची ती सोय नव्हे. कोंबड्यांच्या पिलांना याचा फटका गाईपेक्षा लवकर आणि उघड बसतो, म्हणूनच पोल्ट्रीवाला गाडी परत करतो. त्यावर रागवू नका.

परत आलेला मका चांगल्यात मिसळून ‘सरासरी खाली आणणं’ हाही मार्ग नव्हे. वरचा एका दाण्याचा हिशेब आठवा. तो दाणा कुणाच्या तरी कट्ट्यात जाणारच. इथेनॉलला दिला तर अल्कोहोलमध्ये विष उतरत नाही, पण मागे राहणाऱ्या चोथ्यात ते जवळपास तिप्पट दाट होतं आणि तो चोथा पशुखाद्यातच परत येतो. अहवाल सोबत देऊनच तो सौदा करा.

पुढच्या खरिपात

विषाची सुरुवात पुष्कळदा उभ्या पिकातच झालेली असते. तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या वेळी, म्हणजे बहुधा ऑगस्टात, आपल्या पूर्व भागात पावसाचा खंड पडतो. ताण आणि उष्णता एकत्र आली की केसांवाटे बुरशी आत शिरते. पाटाला किंवा विहिरीला पाणी असेल तर एक पाणी याच वेळी द्या, इतर कशालाही मागं ठेवा. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आहे. ती कणसात शिरली की बुरशीला आयती वाट मिळते, म्हणून पोंग्यातच तिचा बंदोबस्त हवा.

काढणीची वेळ ठरवायला कणसाच्या मधला दाणा काढा आणि तो कणसाला जिथं चिकटलेला होता ते टोक नखानं खरवडा. काळा थर दिसला की दाणा पक्व झाला. यानंतर दाण्यात काही भरत नाही. ऊन असेल तर थोडे दिवस रानात वाळू द्या, पण परतीच्या पावसाचा अंदाज असेल तर मका उभा ठेवू नका, मोडा आणि चाळीत घाला.

बुरशी लागलेला मका मळताना, उफणताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्क लावा आणि लेकरांना वाऱ्याच्या खाली उभं करू नका. त्या मालाचे रिकामे कट्टे झटकून पुढच्या वर्षीच्या मक्याला किंवा घरच्या बाजरी-गव्हाला वापरू नका.